मास्तरांची मूठ

मास्तरांचा उजवा हात बिघडल्याचं सर्वांत आधी देवाला कळलं, मग मास्तरीणबाईंना आणि अगदी शेवटी मास्तरांना.

झालं असं, की सकाळी आंघोळ उरकून मास्तर देवापुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. डावा तळवा सरळ उभा राहिला. उजवा मात्र अर्धवट मिटलेला, बोटं आत वळलेली. देवाला काहीतरी द्यायचं कबूल करून ऐन वेळी मुठीत लपवून ठेवावं, तसा. मास्तरीणबाई शेजारीच माळ ओढत बसल्या होत्या. माळ पुरी होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत, म्हणून शेवटच्या मण्यापर्यंत त्यांनी तो हात नुसता पाहून घेतला.

"हात नीट जोडा की," माळ डबीत ठेवत त्या म्हणाल्या.

"जोडलेत."

"एक जोडलाय. दुसरा दांडा धरून उभा आहे."

मास्तरांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून सरळ केली. सोडल्याबरोबर ती पुन्हा वळली. "गारठा आहे," ते म्हणाले आणि शर्ट घालायला आत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मास्तरीणबाई आत जाऊन बघतात तो मास्तर आरशापुढे उभे, आणि गळ्याखालच्या पहिल्या बटणाशी त्यांची झटापट चाललेली. बाईंनी सहाही बटणं लावून दिली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याची बटणं लावून देण्यात प्रेम किती आणि संशय किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हते. अकरा मजल्यांच्या एका मोठ्या कचेरी-इमारतीतले गालिचे धुणाऱ्या कंपनीत ते यंत्र चालवत. खाली गोल ब्रश, वर कमरेपर्यंत दांडा, दांड्याला दोन मुठी आणि उजव्या मुठीखाली एक खटका. खटका दाबून धरला की ब्रश फिरतो, सोडला की थांबतो. म्हणजे चार तास गालिचा धुवायचा तर चार तास खटका दाबून धरायचा. कंपनीत बावीस वर्षांत जो कोणी नवा आला, त्याला मास्तरांनीच यंत्र शिकवलं, म्हणून ते मास्तर. आणि त्यांची बायको म्हणून त्या मास्तरीणबाई. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवायला घेतलं नव्हतं, मास्तरांना सोडून.

मास्तरांची शिकवण एका वाक्याची होती. "यंत्राला कळलं पाहिजे मालक कोण ते." म्हणून दांडा करकचून आवळायचा, कोपरं बाहेर, डावा खांदा वर, आणि खालचा ओठ दातांत. ओठ दातांत का, हे कुणी विचारलं नव्हतं. गुरूला असलं विचारत नाहीत.

हात दुखतोय हे मास्तरांनी एरवी कबूलही केलं असतं, पण मुख्य कचेरीतून नुकताच एक कागद आला होता. पन्नाशी ओलांडलेल्या यंत्रचालकांच्या पकडीची महिनाअखेरीस तपासणी होणार. काटा असलेलं एक उपकरण मुठीत धरून दाबायचं. काटा तीसच्या पुढे गेला तर ठीक, नाही तर पुढील आदेश होईपर्यंत तळघरातल्या स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून बसायचं. पन्नाशी ओलांडलेले यंत्रचालक कंपनीत एकटे मास्तरच होते. आणि स्टोअर सांभाळत होते त्यांचे मेहुणे.

मेहुणे म्हणजे मास्तरीणबाईंचे थोरले बंधू. आठ वर्षांपूर्वी घरच्या पंगतीत ते सहज बोलून गेले होते, की गालिचा पुसायला काय अक्कल लागते. मास्तरांनी शांतपणे उत्तर दिलं होतं, की स्टोअरमध्ये बसायला लागते तेवढीच. ते काम कपाटही करतं, शिवाय चहा मागत नाही. तेव्हापासून दोघांचं सगळं बोलणं लेखी होतं. "दोन बाटल्या साबण द्यावा." "एकच मिळेल." मध्ये बाई निरोप्या. भावाचं चुकलं की नवऱ्याचं, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "दोघांनाही देव सुबुद्धी देईल, मी रोज आठवण करतेय."

तर आता त्या मेहुण्यांच्या हाताखाली, त्या कपाटासारखं बसायची वेळ. मास्तरांनी मनाशी ठरवलं, हात महिन्याभरात बरा करायचा आणि हे कुणालाही कळू द्यायचं नाही.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिन्याला कळलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त टायपिस्ट बाई राहत. त्या आल्याच मुळी हात पुढे करून. "हे बघा. एकतीस वर्षं बडवलंय टाईपरायटर. आजही सुईत दोरा ओवते. कशानं? गरम पाणी. सकाळ-संध्याकाळ, सोसवेल तितकं गरम."

त्या जिना चढून जातात न जातात, तो खालच्या मजल्यावरचे शिंपी वर आले. त्यांच्या हातात बर्फाची पिशवी होती. "गरम पाणी म्हणाली ना ती? वाटलंच. मास्तर, सूज गरमानं वाढते. कात्रीवर चाळीस वर्षं काढलीत मी. बर्फ लावा."

"पण बाई म्हणतात..."

"बाई टायपिंग करायच्या. ते काय काम आहे? पेटी वाजवल्यासारखं."

मास्तर स्वभावानं भिडस्त. वरून पावलं वाजली की हात गरम पाण्यात, खालून वाजली की बर्फात. आठवडाभरात हाताची अशी दैना झाली, की त्याला ऋतू कोणता चाललाय हेच कळेना. समोरच्या दारातले ट्रकवाले मात्र दोन्ही पक्षांना हसले. त्यांनी एक रबरी चेंडू आणून दिला. "दुखतंय म्हणजे हात कमजोर झालाय. दिवसातून पाचशे वेळा दाबा. लोखंड होईल."

हे मास्तरांना मनापासून पटलं, कारण ते त्यांच्याच तत्त्वज्ञानात बसत होतं. ते चेंडू दाबू लागले. जेवताना डाव्या हातानं घास, उजव्या हातात चेंडू. तिसऱ्या दिवशी त्यांना उजव्या हातानं दाराची कडी निघेना.

"मी एक सांगू?" मास्तरीणबाई एके सकाळी म्हणाल्या.

"सांग."

"तुम्ही दात घासायचा ब्रशसुद्धा असा धरता, की कुणीतरी तो हिसकावायला टपलंय. जिन्याचा कठडा, छत्री, वर्तमानपत्र, सगळंच. जरा सैल धरून बघा."

मास्तर दुखावले. बावीस वर्षं ज्या मुठीनं संसार उभा केला, ती आवळायची किती हे स्वयंपाकघरातून ठरावं, याचं त्यांना वाईट वाटलं. "सैल धरायला ते काय पेन आहे?" एवढंच बोलून ते कामावर गेले. त्या दिवशीची माळ बाईंनी दोनदा ओढली.

शिंपी गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी जुन्या गादीचा फोम भरून एक हातमोजा शिवला, मजबूत, दुहेरी टाक्याचा. तो घालून मास्तर यंत्रापुढे उभे राहिले, तेव्हा मुष्टियुद्धाला निघाल्यासारखे दिसत होते. मोजा इतका जाड, की बोटं खटक्याखाली जाईनात. बरं, काढावा तर मनगटाशी घट्ट बसलेला. शेवटी सहकारी पैलवान, जो खरंच व्यायामशाळेत जायचा, त्यानं दोन्ही हातांनी ओढला. मोजा निघाला आणि पैलवान बादलीत बसला.

"मास्तर," तो उठत म्हणाला, "दांड्यावर चढवायला जाड रबरी वेष्टणं मिळतात म्हणे. हात कमी आवळावा लागतो. कंपनीकडे मागा ना."

मास्तरांनी मागायचं ठरवलं. कचेरीतल्या कारकुनानं त्यांच्यापुढे एक छापील अर्ज सरकवला. 'उपकरणात बदल करणेबाबत विनंती.' चार पानं.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू?" मास्तरांनी विचारलं.

"हाताला त्रास होतो, असं लिहा. सोबत डॉक्टरांचा दाखला."

"कसला दाखला?"

"हात बिघडल्याचा. त्याशिवाय वेष्टण मंजूर होत नाही."

"आणि दाखला जोडला तर मिळेल?"

"तुम्हाला नाही मिळणार," कारकून मायेनं म्हणाला. "हात बिघडलेल्या माणसाला यंत्र चालवता येत नाही, नियमच आहे. मग वेष्टण कशाला हवं?"

मास्तरांनी अर्ज एकदा उलटून पाहिला. "म्हणजे हात चांगला असेल तर वेष्टण मिळत नाही."

"गरज नाही म्हणून."

"आणि बिघडला तर यंत्र मिळत नाही."

"बरोबर समजलात. लोकांना हे दोनदा सांगावं लागतं."

मास्तरांनी अर्जाची घडी केली. ती त्यांना नीट करता येईना, म्हणून कारकुनानंच करून त्यांच्या खिशात ठेवली.

तपासणीला दहा दिवस उरले होते. आता मास्तरांना बुद्धी सुचली. आणि घाबरलेल्या माणसाला सुचलेल्या बुद्धीपासून देवानं सर्वांना राखावं. त्यांच्या मनात आलं, दिवसभर खटका दाबायचाच कशाला? तो बांधून टाकला तर? सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी त्यांनी घरून आणली. चौथ्या मजल्यावरच्या विमा कचेरीचं सभागृह दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिकामं असे. तिथे जाऊन त्यांनी खटका मुठीला गच्च आवळून बांधला आणि मग भिंतीतलं बटण चालू केलं.

खटका सोडला की यंत्र थांबतं, ही सोय कुणीतरी विचार करून ठेवलेली असते, हे त्यांच्या ध्यानात यायला तीन सेकंद लागले. पहिल्या सेकंदाला त्यांच्या बधिर हातातून दांडा सुटला. दुसऱ्याला दांडा गरकन फिरून आला आणि त्यांनी उडी मारली. तिसऱ्याला तो पुन्हा आला, आणि मास्तर टेबलावर होते.

यंत्र जागच्या जागी गरगरत होतं आणि त्याचा दांडा त्याच्याभोवती पंख्याच्या पात्यासारखा घोंघावत होता. पहिल्या फेऱ्यात त्यानं कचऱ्याची टोपली उडवली. दुसऱ्यात चाकांच्या एका खुर्चीला असा धक्का दिला, की ती उघड्या दारातून बाहेर पडून लांबलचक व्हरांड्यातून एकटीच निघाली. जेवण करून परतणाऱ्या विमा कचेरीच्या व्यवस्थापकांनी ती येताना पाहिली आणि सवयीनं बाजूला होऊन तिला वाट दिली. मग ते सभागृहाच्या दाराशी आले. आत टेबलावर मास्तर उभे होते.

"काय चाललंय?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"गालिचा धुतोय," मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"तुम्ही वर का आहात?"

"वरून नीट दिसतं."

यंत्र आपलीच वायर आपल्याभोवती गुंडाळत होतं. ती तोकडी होत होत ताणली गेली, भिंतीतून फटकन निघाली आणि सगळं शांत झालं. मास्तर खाली उतरले. व्यवस्थापक वाकून गालिचा बघत होते. यंत्र जिथे फिरत होतं तिथे परातीएवढा गोल लख्ख निघाला होता. गालिच्याचा मूळ रंग निळा आहे, हे त्या कचेरीला पहिल्यांदाच कळत होतं.

"एवढा भाग मात्र सुंदर झालाय," व्यवस्थापक म्हणाले. "एरवी असं का करत नाही?"

मास्तरांना आजवर बरंच काही लागलं होतं, पण हे फार खोल लागलं. बावीस वर्षांत जे त्यांच्या मुठीला जमलं नाही, ते यंत्रानं त्यांच्या गैरहजेरीत करून दाखवलं होतं.

अपघाताचा अहवाल भरावा लागला. 'कारण' या रकान्यात मास्तरांनी बराच विचार करून लिहिलं, 'यंत्रास अचानक उत्साह आला.' हा अहवाल मुख्य कचेरीत गेला, आणि तिकडून तो स्वतः घेऊन एक सुरक्षा अधिकारी बाई आल्या. बाई वयानं लहान, आवाजानं मऊ, आणि नजरेतून काही सुटत नाही अशा. त्यांनी ट्यूबची पट्टी पाहिली, मास्तरांचा हात पाहिला आणि सुपरवायझरला म्हणाल्या, "पकडीची तपासणी फक्त पन्नाशीच्या वरच्यांची कशाला? सातही जणांची घेऊ. उद्याच."

मास्तरांचे उरलेले दिवसही गेले. शिवाय आता वाघासारख्या सहा जणांच्या रांगेत उभं राहून नापास व्हायचं.

तपासणी तळघरात, स्टोअरच्या समोर झाली, कारण ते उपकरण स्टोअरच्या वहीत नोंदून द्यावं लागलं होतं. त्यामुळे मेहुणेही वही घेऊन हजर. ते लक्ष नसल्यासारखं दाखवत होते आणि त्यासाठी मुद्दाम चष्मा लावून बसले होते.

पहिला पैलवान पुढे झाला. बाह्या सरसावून त्यानं उपकरण दाबलं. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. काटा चोवीसवर थांबला.

"यंत्र बिघडलंय," पैलवान म्हणाला.

"दादा, तुम्ही दाबून बघा," अधिकारी बाईंनी मेहुण्यांना सांगितलं. मेहुण्यांनी एका हातात वही तशीच ठेवून दुसऱ्यानं दाबलं. शेचाळीस. पंचवीस वर्षांत त्यांनी पेनापेक्षा जड काही उचललं नव्हतं, त्यामुळे हात अगदी नवाकोरा राहिला होता.

मग एकेक जण आला. बावीस. सव्वीस. एकवीस. तेवीस. सहावा तर जेमतेम वीसवर. शेवटी मास्तर. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, खालचा ओठ दातांत धरला आणि होतं नव्हतं ते सगळं लावलं. काटा एकोणीसवर थरथरला आणि परत फिरला.

"यंत्र कसं धरता, दाखवा," अधिकारी बाई म्हणाल्या. "सगळेच दाखवा."

सातही जणांनी हवेत दांडा धरला. सात जोड्या मुठी करकचल्या, सात जोड्या कोपरं बाहेर गेली, सात डावे खांदे वर झाले, आणि सातही खालचे ओठ एकाच वेळी दातांत गेले.

बाईंनी एकेक ओठ नीट पाहून घेतला. मग म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं?"

कुणी छताकडे बघू लागलं, कुणी बादलीकडे. पैलवान म्हणाला, "कुणी नाही, मॅडम. आमचं आपोआप आलं."

"सातही जणांचं?"

"हवामान असेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नीट ऐका. हात जर ज्याचे त्याचे बिघडले असतील, तर नियमानं आजच सगळे यंत्रावरून उतरा. पण शिकवण्यातच चूक असेल, तर ती कंपनीची चूक. मग माणसं जागेवर राहतील, दांड्यांना वेष्टणं येतील, पद्धत बदलेल. दोन्हींपैकी काय लिहू?"

पैलवानाची बायको आजारी होती, सहाव्याचं लग्न ठरलं होतं, हे मास्तरांना माहीत होतं. आणि समोर मेहुणे बसले होते, वही मांडीवर, कान टवकारलेले. आठ वर्षं ज्यांना आपण चुकतो हे कधी दिसू दिलं नाही, त्यांच्यापुढे आता तोंड उघडायचं होतं.

"मी शिकवलं," ते म्हणाले. "यांच्याकडे काही दोष नाही. मी सांगितलं तसंच ते धरतात. ओठाचं मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी तेही घेतलं."

सहाही जणांनी माना खाली घातल्या. अधिकारी बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. "आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"आठवून बघा. आधीचं कुणी जुनं माणूस असेल. तसं असलं तर तुमच्या हाताचं कारणही शिकवणंच लिहिता येईल."

दार उघडं होतं. नुसतं 'होय' म्हणायचं, की सुटका. पण बावीस वर्षांत मास्तरांनी उभ्या जगात एकच गोष्ट स्वतः शोधून काढली होती. ती चुकीची निघाली म्हणून काय झालं? ती दुसऱ्या कुणाच्या नावावर जाणं त्यांना सोसणार नव्हतं.

"नाही मॅडम," ते ताठ उभे राहून म्हणाले. "ही पद्धत माझीच आहे."

बाईंनी नाइलाजानं लिहून घेतलं. सहा जण जागेवर. मास्तर सहा आठवडे स्टोअरमध्ये, मग पुन्हा तपासणी. मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला. आठ वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

"मग सगळं सांगून टाकलंत?" घरी मास्तरीणबाईंनी विचारलं.

"टाकलं."

"दादासमोर?"

"हो."

बाईंनी त्यांच्या शर्टाची बटणं काढायला घेतली. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या एकाच बटणाशी होत्या.

सोमवारी मास्तर स्टोअरमध्ये हजर झाले. मेहुण्यांनी त्यांच्यासाठी पाठ नसलेलं एक स्टूल काढून ठेवलं होतं. "या भाऊजी. बसा. कपाटाशेजारीच बसा," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी शनिवार-रविवार घोकलं असावं. मास्तर कपाटाशेजारी बसले.

पण मेहुण्यांचं सुख तास-दीड तासच टिकलं. वर अधिकारी बाईंनी नवी पद्धत सुरू करून दिली होती. दांडा कमरेच्या उंचीला आणायचा. मूठ नुसती टेकवायची. यंत्र ढकलायचं नाही, दांडा बोटभर उचलला की ते उजवीकडे जातं आणि बोटभर दाबला की डावीकडे. खटक्याचा हात अधूनमधून बदलायचा आणि वीस मिनिटांनी दोन्ही हात मोकळे सोडायचे. हे सगळं त्यांनी नीट समजावलं होतं, एक माहितीपत्रकही वाटलं होतं. सहाही जणांनी माना डोलावल्या होत्या. आणि मग एकेक जण खाली येऊन मास्तरांना विचारू लागला, हे खरं आहे का.

"एक फडकं पाहिजे होतं," पैलवान अर्ध्या दारावर वाकून म्हणाला. मेहुण्यांनी फडकं दिलं, वहीत नोंदलं. पैलवान तिथेच. "मास्तर, बोटभर म्हणजे कुठलं बोट?"

मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. पण माहितीपत्रक त्यांनी नोंदवहीच्या आड धरून दोनदा वाचलं होतं. "करंगळी धर," ते म्हणाले. "आणि हात असा ठेव. झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवल्यासारखा."

दुपारपर्यंत सहाही जण दोन-दोनदा येऊन गेले. कुणाला साबण, कुणाला बादली, कुणाला नुसतं बादलीचं झाकण. प्रत्येक वेळी मेहुण्यांनी उठायचं, अर्ध्या दाराची कडी काढायची, वस्तू द्यायची, वही लिहायची. दुसऱ्या दिवशी लोक वस्तूचं निमित्तही काढेनासे झाले. तिसऱ्या दिवशी मास्तरांना प्रात्यक्षिकासाठी यंत्र हवं होतं आणि स्टोअरमध्ये यंत्र नव्हतं.

"दादा, जरा उभे राहता का?" ते म्हणाले. आठ वर्षांत मेहुण्यांशी थेट बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"कशाला?"

"तुमचे खांदे दाखवायचेत."

मेहुणे का उठले, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. मास्तरांनी त्यांच्या खांद्यांवर मागून अलगद हात ठेवले. "हे बघा, आता मी उजवा किंचित उचलतो." मेहुणे आपोआप उजवीकडे वळले. "आता दाबतो." मेहुणे डावीकडे गेले. असं करत करत मास्तरांनी त्यांना अख्ख्या स्टोअरभर फिरवून साबणाच्या खोक्यांमधून सुखरूप जागेवर आणलं. पैलवान भारावून बघत होता. "कळलं," तो म्हणाला. "मॅडमनी सांगितलं तेव्हा नव्हतं कळलं."

दुसऱ्या आठवड्यात मेहुण्यांनी कारकुनाकडे अर्ज केला, की मदतनीस परत न्यावा, कामात व्यत्यय येतो. कारकून म्हणाला, मदतनिसाचा हात बरा झाल्याचा दाखला जोडा. मेहुणे तिथून निघाले ते थेट बहिणीकडे आले.

"काय करतेस तू यांच्या हाताला?"

"गरम पाणी, दादा. सकाळी. सोसेल तेवढंच. चेंडू मी देऊन टाकला."

"दुपारी?"

"दुपारी ते तुझ्याकडे असतात."

दुसऱ्या दिवसापासून स्टोअरमध्ये दुपारी एक पातेलं दिसू लागलं. मेहुणे स्वतः पाणी तापवत, कोपर बुडवून बघत आणि मास्तरांचा हात धरून त्यात ठेवत. "हलवू नका. बोटं सैल सोडा. किती आवळता हो," ते करवादत. मास्तर पाण्यात हात सोडून डाव्या हातानं पुढच्याला काहीतरी दाखवत असत, आणि अर्ध्या दारापाशी दोघे-तिघे उभे असत.

सहा आठवड्यांनी अधिकारी बाई पुन्हा आल्या. मास्तर पुढे झाले. या वेळी त्यांनी ओठ दातांत घेतला नाही. शांतपणे दाबलं. काटा चढत चढत एकोणतीसवर गेला आणि तिथेच थांबला.

एकोणतीस म्हणजे तीस नव्हे, हे मास्तरांना कळत होतं. बाईंनी पेन उचललं.

"मॅडम, एक मिनिट," मेहुणे मध्ये पडले. "त्यांनी श्वास नीट घेतला नव्हता. मी बघत होतो. परत घ्या."

"असं परत घेत नाहीत."

"आताच दोन खोकी उचललीत त्यांनी, माझ्या सांगण्यावरून. चूक माझी आहे. हवं तर तसं लिहा."

ती खोकी सकाळपासून जागची हललेली नव्हती. बाईंनी खोक्यांकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं, दाराबाहेर ताटकळणाऱ्या सहा जणांकडे पाहिलं. मग पेन ठेवलं. "पाच मिनिटं हात मोकळे सोडा," त्या मास्तरांना म्हणाल्या.

ती पाच मिनिटं मेहुणे घड्याळापुढून हलले नाहीत. मास्तरांनी पुन्हा दाबलं. काटा एकोणतीसवर रेंगाळला, मग हळूच सरकून एकतीसवर जाऊन बसला.

मेहुण्यांनी लगेच, आदल्याच दिवशी मागवून ठेवलेलं मास्तरांचं यंत्र आतून बाहेर काढलं. मुठींवर नवी रबरी वेष्टणं होती. त्यांनी ते स्वतः फडक्यानं पुसलं, वायर नीट गुंडाळून दांड्याला अडकवली, मास्तरांकडून सही घेतली, यंत्र ढकलत लिफ्टपर्यंत नेलं आणि आत चढवून दिलं.

"येतो मग, दादा," मास्तर म्हणाले.

"या," मेहुणे म्हणाले, आणि पटकन दुरुस्ती केली, "म्हणजे, जा. नीट जा."

लिफ्टचं दार मिटलं. मेहुणे तिथेच थांबले. लिफ्टच्या पोकळीतून तिसऱ्या मजल्यावरच्या यंत्राची घरघर ऐकू आली, ती एका लयीत चालू राहिली, तेव्हा कुठे ते स्टोअरमध्ये परतले आणि त्यांनी अर्ध्या दाराला आतून कडी घातली.